हलकी खडी

१८ जानेवारी १९८६

...दगड पाण्यावर धरला आणि सोडला. बादलीतलं पाणी काठापर्यंत आलं, थोडं सांडलं, आणि दगड पुन्हा वर आला. तरंगत राहिला.

कोळणींतून पुतळाबाई पुढे आल्या. दोन बोटांनी त्याला तळाशी दाबलं, बोटं काढली. तो वर आला.

"दगड नाय हा," त्या म्हणाल्या. "पाव हाय."

सगळे हसले. कोळीवाड्याचे पाटील रामनाथ म्हणाले, "माझ्या अंगणात, माझ्या नावानं तरंगला. पंचांनी ध्यानात ठेवा."

मी समजावलं. हे काँक्रीटच. बनवताना आत हवेचे बुडबुडे सोडतात, म्हणून हलकं. कांदिवलीतल्या एका बंद कारखान्याचं छप्पर असल्या तक्त्यांचं होतं, ते आता उतरवलं. तक्ते फोडून खडी करायची आणि डांबरात घालायची. तुमचा रस्ता खाजणावर आहे. खाली चिखल. दरवर्षी खचतो, दरवर्षी वर काळी खडी पडते, तिच्या वजनानं आणखी खचतो. उधाणाला खाडी वरून वाहते. वजनच कमी केलं तर खचणं थांबेल.

"आन उधानाला रस्ताच तरंगत पल्याड मढ गावाला गेला तर?" पुतळाबाईंनी विचारलं.

"तर बरंच की मावशे," दादा मागून म्हणाला. "पाटी घेऊन रस्त्यावर बसायचं. चालायचं काम नाही."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ धोंडिराम. ठेकेदार माणिकशेठच्या डांबराच्या भट्टीवर आहे. त्याच्या मजुरीवर मी शिकलो, आता त्याच शेठच्या कामावर इंजिनिअर आहे. साइटवर तो मला सगळ्यांसमोर साहेब म्हणतो आणि डोळा मिचकावतो.

गाव तयार झालं. अट एकच. शिमग्याला पाहुणे येतात, त्याच्या आत रस्ता हवा. मी हो म्हणालो.

चारकोपपर्यंत चालत आलो. कल्पना माझी आहे. शेठ म्हणाले होते, कर, पण नाव तुझं. ऑफिसातली माणसं बघत बसली आहेत. आपल्या समाजातल्या एकाचं चुकलं की ते एकाचं राहत नाही.

बादली रामनाथांच्या ओट्यावर राहिली, दगडासकट.

२८ जानेवारी

तक्ते फोडायला सुरुवात. घणाची गरज नाही, हातोडी पुरते. दादा दोन तक्ते फोडून बसला आणि हसायला लागला. "बहात्तरला हा दगड कुठं होता रं? दुष्काळात खडी फोडून फोडून हाताची सालं गेली. हा असता तर पोरींनी गाणी म्हणत फोडला असता."

बहात्तरला आमच्या गावाजवळच्या पाझर तलावावर तो खडी फोडायचा. मी शेजारी बसून पाढे म्हणायचो. एक कपची त्याच्या भुवईत घुसली होती. व्रण अजून आहे.

संध्याकाळी पुतळाबाई आल्या. हातात एक बोंबील. कोळीवाड्याच्या अंगणात बांबूंना दोऱ्या बांधून वलांड्या केल्या आहेत, त्यांवर बोंबील वाळत असतात. वारा खाडीकडून येतो. तक्ते फोडताना उडालेली पांढरी भुकटी थेट तिथे जाते.

"बग," त्या म्हणाल्या. "पिठात घोलवूनच दिलाय. बायकोला सांग, नुसता तलायचा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"उद्या हातोडा वाजला ना, तर तुझी भट्टी खाडीत आन तू तिच्या मागून."

ताडपत्री लावून पाहिली. वाऱ्यानं फाटली.

२९ जानेवारी

काम बंद. रामनाथांकडे गेलो. ते म्हणाले, "मासळी बायकांची. तिथं पाटलाचं चालत नाय."

आज शेठना सांगितलं नाही. उद्या सांगावं लागेल. शब्द जुळवत बसलो. एकही वाक्य घाबरल्याशिवाय पुरं होत नाही.

३१ जानेवारी

सुटलो. पुतळाबाई स्वतःच भट्टीपाशी आल्या. "फोड तुझं बिस्कीट. भुकटीचं आमी बगलंय."

"काय केलंत?"

"बायकांचं काम. तुला काय करायचंय?" मागच्या दोघीतिघी फिदीफिदी हसल्या.

दिवसभर फोडलं. संध्याकाळी मुद्दाम वलांड्यांखालून फिरून आलो. बोंबील स्वच्छ. मी जास्त विचारलं नाही. मिळालेली गोष्ट विचारून घालवायची नाही, असं आई म्हणायची.

४ फेब्रुवारी

पद्धत ठरली. हा दगड डांबर पितो. साध्या खडीसारखं वरून ओतलं तर आतवर शोषून घेईल आणि वर चिकटायला काही उरणार नाही. म्हणून आधी टोपलीभर खडी उकळत्या डांबराच्या कढईत सोडायची, घोळायची, मोठ्या झाऱ्यानं काढायची. मग बाकीच्या मिश्रणात.

माळ्यावर नमुन्याची पिशवी होती. तिच्यातली खडी घेऊन घरीच स्टोव्हवर छोट्या डब्यात करून पाहिलं. डांबर शांत. दगड काळाकुळकुळीत निघाला. बायकोनं, शकुनं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला बाहेर काढलं.

दादाला दाखवलं. तो म्हणाला, "शिकवून शिकवून तुला इंजिनिअर केलं, आन तू मला भजी तळायला बसवलं."

८ फेब्रुवारी

सकाळची पहिली टोपली कढईत गेली आणि डांबर फसफसलं. फेस वर चढायला लागला. दूध उतू जाताना चढतं तसं, फक्त काळं. काठाला लागला. दादानं पायानं दोन लाकडं बाहेर ओढली. फेस थांबला, हळूहळू खाली बसला.

"फुंकर मारू का साहेब?" तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. त्याच्या पायांना गोणपाट गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. भट्टीवर सगळेच तसं बांधतात. तेवढंच मध्ये असतं.

दुपारनंतरच्या टोपल्या त्यामानानं शांत गेल्या. कारण लक्षात आलं. डांबराची पिंपं रात्रभर उघड्यावर असतात. दव आत जातं. सकाळी पाणी जास्त, म्हणून सकाळी फेस. उद्यापासून पिंपं झाकायची.

खडीच्या ढिगाभोवती चिखल झालाय. कोळणी पाट्या घेऊन तिथूनच जातात, पाट्या गळतात. त्यांना वाट बदलायला सांगणार होतो. पण आत्ताच कुठे जमलंय. राहू दे.

१२ फेब्रुवारी

पिंपं झाकली. फेस येतोच. शेठच्या गोदामातूनच पाणी आलेलं असणार.

उपाय साधा आहे. खडी टाकण्याआधी डांबर जास्त तापवायचं. असेल ते पाणी उडून जाईल. दादाला सांगितलं.

"साहेबाचा हुकूम," म्हणाला आणि लाकडं सारली.

फेसाचं शेठना कळवलेलं नाही. कळवलं तर प्रयोग थांबेल. असं लिहून पाहिलं की कारण पुरेसं वाटतं. पण खरं कारण तेच आहे का, ते मला माहीत नाही. भीती सगळीकडे सारखीच लागते. कुठून येते ते सांगता येत नाही.

१७ फेब्रुवारी

रामनाथांनी हाक मारली. "तुझा दगड बुडाला रे."

ओट्यावरची बादली. दगड तळाशी. मी काढला, पुन्हा सोडला. सरळ खाली गेला. हातात घेतला तेव्हा ओळखू येईना, इतका जड.

"माझ्या नावाचा जोर संपला," रामनाथ म्हणाले.

तो पाणी पिणार हे मला ठाऊक होतं. तरी डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ओट्यावरच बसलो. रस्ता डोळ्यांसमोर आला. उधाणाचं खारं पाणी डांबरातून आत जातंय, एकेक दगड जड होतोय, रस्ता खाली जातोय. वर माझं नाव.

दगडावरचा डांबराचा थर जाड करायला हवा. म्हणजे खडी कढईत जास्त वेळ ठेवायची. म्हणजे कढईत डांबर जास्त. काठापासून वीतभर खाली असायचं, आता चार बोटं असेल.

२१ फेब्रुवारी

पुतळाबाईंनी ओले बोंबील दिले. भावाला पण दे म्हणाल्या. त्याच्या विनोदांवर त्या खूश आहेत. शकुनं दादालाही जेवायला बोलावलं.

तळताना तेल उडालं. शकुच्या मनगटावर थेंब पडला, टरारून फोड आला.

"अहो, नीट पुसलेच नाहीत मी. पाणी राहिलं आत," ती म्हणाली आणि मनगट नळाखाली धरलं.

"वहिनी, भट्टीवर यायला पायजे तुमी," दादा म्हणाला. "तिथं रोज असंच."

मी जेवलो, पण लक्ष नव्हतं. गोदामातल्या पिंपांचा विचार चालला होता. कुठल्या पिंपात पाणी आहे ते वरून कसं ओळखायचं?

२८ फेब्रुवारी

आठवडा चांगला गेला. लिहावंसं काही नव्हतं, यातच सगळं आलं. फेस नाही. एकदाही नाही.

कोळीवाड्यात चिटपाखरू नाही. रामनाथांच्या पुतणीचं लग्न मढला, सगळं गाव तिकडे. हळदीपासून गेलेत. वलांड्या रिकाम्या. होड्या ओढून ठेवलेल्या. आम्ही आणि कुत्री. उन्हात खडी पांढरीशुभ्र दिसते. कढईत टाकली की नुसती 'हुं' करून आत जाते.

म्हणजे माझं बरोबर होतं. उष्णता वाढवली, पाणी उडालं, फेस गेला. दादाला म्हटलं, बघ.

"म्या कुठं नाही म्हणलं?" तो म्हणाला. "तू शिकलेला. मला भज्याशी मतलब."

बऱ्याच दिवसांनी त्याच्याबरोबर हसलो.

३ मार्च

पहिला तुकडा अंथरला. खाजणाच्या सगळ्यात वाईट भागावर. रोलर फिरला. मी अनवाणी चालून पाहिलं. कोमट होता.

गाव लग्नाहून परतलं. पुतळाबाई नव्या तुकड्यावर दोनदा उड्या मारून म्हणाल्या, "पाव बरा भाजलाय." आवाज बसलेला होता. लग्नात गायल्या असाव्यात.

७ मार्च

फेस पुन्हा. पहिल्यापेक्षा मोठा.

होड्यांना भरपूर मासळी लागली आहे. वलांड्या वाकल्यात. शिमग्याच्या आधी सगळं वाळवून बाजारात न्यायचं, म्हणून बायका उन्हं उतरेपर्यंत मासे धुतात, टांगतात. आमचीही घाई. उरलेले सगळे तक्ते एकदम फोडून टाकले. भुकटीचं धुकं झालं होतं. तरी कुणी भांडायला आलं नाही. माणसं चांगली आहेत.

आणि फेस. हे पिंप नवीन, सील फोडून काढलेलं. पाणी कुठून येतं?

उष्णता कमी पडते आहे, दुसरं काही नाही. मागच्या आठवड्यात तिनंच काम केलं होतं. लाकूड ओलं असेल. सुकं मागवलं.

११ मार्च

आता सकाळी भट्टीकडे जाताना खाडीचा पूल आला की चाल आपोआप मंदावते. पहिली टोपली आत जाते तेव्हा मी मनात मोजतो. फेस काठाला आला की मोजणं विसरतो. तो खाली बसला की दिवसाचं काम झाल्यासारखं वाटतं. मग दुसरी टोपली.

मी दादाच्या पायांकडे बघतो. तो झाऱ्याकडे बघतो.

१३ मार्च

धुराचा रंग बदललाय. पिवळट, डोळ्यांना झोंबणारा.

जेवणाच्या सुट्टीत दादा माझ्याजवळ येऊन बसला. साहेब म्हणाला नाही.

"कुंडलिक, लई तापतंय रं."

"तापायलाच पाहिजे. नाहीतर फेस येतो."

"तापवून बी येतो की."

"कमी केलं तर जास्त येईल."

तो भाकरी मोडत राहिला. "तुला भ्या वाटतं का?"

"नाही," मी म्हणालो. "तुला?"

"मला कामून वाटंल? तू हाईस की."

शेवटचा तुकडा उरलाय. दोन-तीन दिवसांचं काम.

१५ मार्च

दादा भाजला.

क्रमानं लिहितो.

सकाळची पहिली टोपली. मी आग वाढवायला सांगितलं होतं. कढई भरलेली. दादानं टोपली कलती केली आणि आवाज झाला. फेसाचा नेहमीचा नव्हे. जमिनीखालून आल्यासारखा. डांबर एकदम वर आलं. उतू गेलं नाही, उसळलं. काठावरून चारी बाजूंनी खाली. लाकडांवर पडलं, पेटलं.

दादानं टोपली सोडली नाही. का सोडली नाही? ती सोडून मागे उडी मारली असती तर. त्यानं आधी टोपली बाजूला ठेवली. मग वळला. तोवर डांबर गोणपाटात शिरलं होतं. गोणपाट पायांना चिकटलं. तो चालत चालत रस्त्यापर्यंत आला, आम्ही नुकत्याच केलेल्या तुकड्यावर, आणि बसला.

ओरडला नाही. म्हणाला, "कढई झाका."

होडीवरच्या माणसांनी वाळू टाकून आग विझवली. रामनाथांनी टेंपो आणला. पुतळाबाई दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या लुगड्याला माशांचा वास येत होता. टेंपो नव्या रस्त्यावरून गेला. एकही हिसका बसला नाही.

१६ मार्च

बोरिवलीच्या दवाखान्यात. डांबर ओढून काढत नाहीत. कातडी निघते. तेल लावून लावून सुटू देतात. गुडघ्याखाली दोन्ही पाय. उजवा जास्त. डॉक्टर म्हणाले, उजव्या बोटांचं आत्ताच सांगत नाही.

माणिकशेठ येऊन गेले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "भट्टीवाल्यानं आग फार वाढवली, असं दिसतंय. तू काय म्हणतोस?"

ते माझ्या खांद्यावर थोपटून गेले. सांगायला तोंड उघडलं होतं. उघडंच राहिलं.

आत गेलो. दादा जागा होता.

"माझं चुकलं का रं?" त्यानं विचारलं. "टोपली जोरात ओतली का म्या?"

"नाही."

"मंग?"

मला माहीत नव्हतं. हेच सगळ्यात भयंकर आहे. अजून माहीत नाही. उद्या दुसऱ्या कुणाला तरी त्या कढईपाशी उभं करायचं आणि मी मोजत बसायचं.

१७ मार्च

उजाडताच साइटवर गेलो. भट्टी पेटवणार नव्हतो. फक्त बघायचं होतं.

खडीच्या ढिगापाशी बायका उभ्या होत्या. पुतळाबाई आणि आणखी चारपाच. मासे धुतलेलं पाणी घागरींत भरून आणलेलं. एकेक जण पुढे होऊन ढिगावर ओतत होती. देवाला घालतात तसं, सावकाश, कुठे कोरडं राहू नये असं.

काय करताय, म्हणून मी विचारलं.

पुतळाबाई दचकल्या. "रोजचंच रे. वल्लं केलं का भुकटी उडत नाय. रोज सांजचं घालतो, तुमी गेल्यावर, तक्त्यांवर बी. वाऱ्यानं सकालपरत वरून सुकतं, तुला कलत बी नाय." मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ भाजला ना तुझा. म्हून आज सकाली पण घातलं. जास्ती घातलं. थंड राहू दे सगला."

मी ढिगात हात घातला. वरची खडी आत्ताच्या पाण्यानं ओली. कोपरापर्यंत घातला, तिथली हाताला कोरडी. एक दगड काढून दुसऱ्यावर आपटला. फुटला. कडेला पांढरा, आत करडा. दाबला तर बोटं ओली झाली.

साधी काळी खडी असती तर काही झालं नसतं. तिच्यावर पाणी ओता, तासाभरात कोरडी. सगळ्या साइटवर धूळ बसवायला ओततातच. हा दगड पितो. हे मला ठाऊक होतं. गावासमोर बादली ठेवून मीच शिकवलं होतं. डांबर पितो म्हणून कढई भरली. रस्ता पाणी पिईल म्हणून रात्री जागलो. ढीग पाणी पितो, हे मनात आलं नाही.

फुटलेला दगड पुतळाबाईंनी माझ्या हातातून घेतला. नाकाशी नेला. आपल्याच मासळीचा वास आला असेल. दगड बघितला, कढई बघितली, काठावरून ओघळून थिजलेलं डांबर बघितलं. घागर खाली ठेवली.

"तलनीत वल्लं," त्या म्हणाल्या.

ढिगाच्या कडेला चिखलातच बसल्या. बाकीच्या उभ्या. एकीच्या घागरीतून पाणी ठिबकत होतं.

मी म्हणालो, तुम्हाला काय माहीत असणार. मी विचारायला हवं होतं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

तिथून शेठकडे. आग मी वाढवायला सांगितली, रोज, दादा नको म्हणत असताना, हे सांगितलं. फेसाचं सव्वा महिना लपवलं, हेही. शेठनी ऐकून घेतलं. म्हणाले, रस्ता पुरा कर, मग बघू. 'मग बघू'चा अर्थ मला कळतो.

मग दवाखाना. दादाला म्हटलं, दगड ओला होता. तुझं काही चुकलं नाही.

तो छताकडे बघत राहिला. "वल्ला कुणी केला?"

पुतळाबाईंचं नाव ओठांवर आलं.

"मी," म्हटलं.

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या भुवईवरचा व्रण पांढरा दिसत होता. "तुला भ्या वाटत होतं," तो म्हणाला. "मला दिसत होतं."

मग पाणी मागितलं. मी पेला धरला. थोडं उशीवर सांडलं.

उजव्या पायाची पट्टी उद्या संध्याकाळी सोडून बघणार आहेत.

१८ मार्च

सकाळी साइटवर पोहोचलो तेव्हा ढीग जागेवर नव्हता. कोळणींनी पहाटेच वलांड्यांवरचे बोंबील उतरवून घरात नेले होते. अंगणभर खडी वाळत घातली होती, एका थरात. पुतळाबाई हातानं ती उलटत होत्या.